कॅम्पच्या क्राफ्टमध्ये काय घ्यावं: तलित, माती, मेणबत्ती की टाय-डाय?

अमेरिकेत ज्यू समर कॅम्पला मूल पाठवायचं ठरलं की फॉर्ममध्ये खुग निवडायला सांगतात, म्हणजे मुलाने आपल्या आवडीने घ्यायचा तास, आणि आर्ट्स अँड क्राफ्ट्स घेतलं तरी पुढे प्रश्न येतोच की तिथे करायचं काय. माझं मत आधीच सांगते, मूल बारा-तेराच्या आसपास असेल आणि सेशन चार आठवड्यांचं असेल तर डोळे झाकून तलित घ्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर घ्यायची ज्यू शाल.

टाय-डाय सगळ्यांना आवडतं, सोडा ॲशमध्ये भिजवलेला टीशर्ट, रबरबँड, रंग, मग रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत. मजा आहे, पण ती कुठल्याही कॅम्पात होते, त्यासाठी खुग खर्ची घालू नका.

हवदाला मेणबत्ती, म्हणजे शब्बाथ (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) संपवण्याच्या विधीत पेटवतात ती, लहानग्यांसाठी एकदम बेस्ट. मधमाशांच्या मेणाचे पातळ शीट उन्हात किंवा हातात धरून मऊ करायचे, वातीभोवती गुंडाळायचे आणि तीन पेडांची वेणी घालायची. तासाभरात होते, आणि त्याच शनिवारी रात्री शब्बाथ संपताना सगळ्यांसमोर पेटते, सात-आठ वर्षांच्या पोराला एवढ्या लगेच फळ दुसऱ्या कशात मिळत नाही.

मातीकाम मला स्वतःला खूप आवडतं, पण दोन आठवड्यांच्या सेशनला नको. वस्तू पूर्ण वाळायला कितीतरी दिवस लागतात, मग एक भाजणी, मग ग्लेझ (चकाकीचा लेप), मग दुसरी भाजणी, आणि ओल राहिली तर भट्टीत तडकते. हनुक्कीया (हनुक्का सणाचं नऊ दिव्यांचं दीपपात्र) करायची असेल तर मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: माती भाजून झाल्यावर साधारण 10 ते 12 टक्के आकसते, म्हणून ओल्या मातीत मेणबत्ती बरोब्बर बसेल असं भोक पाडलं तर भाजल्यावर ती आत जाणारच नाही, भोक जरा सैल ठेवायचं. आणि आठ दिवे एका पातळीत, नववा शमाश, म्हणजे बाकीचे पेटवायचा दिवा, वेगळ्या उंचीवर, हे आधी कागदावर काढून घेतलेलं बरं.

आता तलित. कापड रंगवणं, गळ्याची पट्टी शिवणं हे सोपंच आहे, खरी गंमत चार कोपऱ्यांत. प्रत्येक कोपऱ्यात चार दोरे ओवून दुमडायचे की आठ होतात, त्यातला एक मुद्दाम लांब असतो, तोच बाकीच्यांभोवती फिरवायचा. दुहेरी गाठ, 7 वेढे, गाठ, 8 वेढे, गाठ, 11, गाठ, 13 आणि शेवटची गाठ (अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंमधली ही नेहमीची पद्धत, सेफार्दी म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंची वेगळी असते). पहिला कोपरा रडतखडत होतो, वेढे सुटतात, परत मोजावं लागतं, पण चौथ्यापर्यंत हात बसतो आणि मूल शेजारच्याला शिकवायला लागतं. रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथांच्या कॅम्पांत मुलीही करतात. बार किंवा बात मित्झ्वाला (मुलगा किंवा मुलगी धर्माच्या दृष्टीने वयात आल्याचा, बारा-तेराव्या वर्षीचा सोहळा) स्वतः गाठी मारलेलं तलित अंगावर घ्यायचं, याची सर दुकानातल्याला नाही.

दिवस मोजताना शनिवार धरू नका. ‘कॅम्प रामा’सारख्या शब्बाथ पाळणाऱ्या कॅम्पांत शुक्रवारी सूर्यास्तापासून बांधणं, शिवणं, रंगवणं, लिहिणं सगळं बंद, क्राफ्टची खोलीही बंद. तेलाचे घाणे चालवणाऱ्या कोकणातल्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलांना, लोक शनिवार तेली का म्हणायचे हे ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, शनिवारी घाणा बंद!

कॅम्पला आधी फोन करून एवढं विचारा: भट्टी तिथेच आहे का, गाठी मुलं स्वतः मारतात की स्टाफ मारून देतो, आणि तलितचं कापड घरून पाठवलं तर चालेल का. आजीची सुती साडी मस्त चालते, लिनन मात्र नको, कारण दोरे बहुतेक लोकरीचे असतात आणि लोकर-लिनन एकत्र करायला धर्मात मनाई आहे.