हिरवळ काढली, ठिबक आणि पाला आणला: एक उन्हाळा पार पडल्यावरचा अनुभव

घर भुसावळ-यावल पट्ट्यात. मागे सहाशे चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा आणि जमीन कपाशीची, काळी. गेल्या दिवाळीनंतर तिथली विकतची हिरवळ उखडली, गच्चीवरच्या टाकीला ठिबक जोडलं, झाडं बदलली आणि सगळीकडे केळीचा पाला अंथरला. हिवाळा गेला, मे महिना गेला, मृगाचा पाऊसही पडून गेला, म्हणून आता लिहितोय. निकाल आधीच सांगतो: पैसे ठिबकाला लागले, काम पाल्यानं जास्त केलं.

हिरवळ का काढली, तर साधा हिशेब. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा गवत रोजचं सहा-सात मिलिमीटर सहज पितं. तीनशे चौरस फुटांच्या हिरवळीला रोज दोनशे लिटरच्या घरात पाणी. नळ एक-दोन दिवसांआड येणाऱ्या घरात हे कोण पुरवणार?

ठिबकाचं तयार कीट घेऊ नका, सुटे भाग घ्या. कीट नळाचा दाब धरून बनवलेलं असतं. आपली टाकी एकमजली घरावर, म्हणजे चार मीटर उंची, म्हणजे जेमतेम ०.४ किलो दाब. ड्रिपर म्हणजे नळीवरचं थेंब सोडणारं तोंड. तासाला चार लिटरचा साधा ड्रिपर हा आकडा एक किलो दाबाला देतो. टाकीवर तो तासाला अडीच लिटरच्या आसपास येतो. ड्रिपरखाली वाटी ठेवून स्वतः मोजा आणि तेवढा वेळ वाढवा. दुकानदार दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर गळ्यात मारायला बघतो. ते इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, आणि छोट्या सपाट परसात त्यांची गरजही नाही. जाळीचा फिल्टर मात्र हवाच. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार ड्रिपरच्या तोंडाशी बसतात. उघडणारे ड्रिपर असतील तर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवले की सुटतात. उन्हाळ्यात खारुताया नळ्या कुरतडतात, तहानेपोटीच. कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवल्यावर त्रास बराच कमी झाला, पूर्ण थांबला नाही.

आता पाला. काळ्या जमिनीला मार्चनंतर भेगा पडतात आणि ठिबकाचं पाणी मुळाशी पसरायचं सोडून सरळ भेगेत उतरतं. वरून जमीन ओली दिसते, झाड मान टाकतं. केळीची वाळलेली पानं आणि खोडाचे काप वीतभर थरानं पसरल्यावर भेगा पडल्याच नाहीत. रोज द्यायचं पाणी तिसऱ्या दिवशी दिलं तरी भर मे महिन्यात अडुळसा ताठ उभा. आपल्या भागात हा माल बागाईतदाराच्या बांधावर पडूनच असतो. ट्रॅक्टरभाडं द्या आणि घेऊन या. फेब्रुवारी-मार्चात कडुनिंबाची पानगळ होते, तीही त्यातच घालायची.

तोटे आहेत. ओल्या खोडांवर सुरुवातीला चिलटं घोंगावतात. वाळवी येते, म्हणून भिंतीपासून हातभर पट्टी मोकळी ठेवली आणि निंबोळी पेंड टाकली. विंचवाची भीती खरी आहे. चालायच्या वाटेवर पाला नाही, आणि हात घालण्याआधी काठीनं हलवायचं. शेजारच्या काकू अजून विचारतात, "आंगनमा हाऊ कचरा कसाले रे भाऊ?" दिसायला तो कचराच दिसतो, हे मान्य. कडेनं नदीचे गोटे लावल्यावर मात्र त्याला वाफ्याचं रूप आलं आणि पाहुण्यांचे प्रश्न थांबले.

वाटेला पेव्हर टाळले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं सगळं वर-खाली होतं. खाली मुरमाचा जाड थर, वर शहाबादी फरशा, मध्ये बोटभर फट. मृगाचा जोराचा पाऊस झाला तरी तिथं डबकं साचलं नाही.

झाडांबद्दल थोडक्यात. बहावा, कढीपत्ता, तगर, अडुळसा, गवती चहा, आणि पश्चिमेच्या भिंतीवर जाळी लावून मधुमालती. ती भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापायची. वेल अजून अर्ध्यावर आहे, पण जिथं पानं पोचली तिथं फरक हाताला कळतो. कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात. खाऊ द्या. मोरीचं पाणी केळ आणि अळूला, आजी करायची तसंच. नर्सरीवाल्यानं कुंपणाला कोनोकार्पस सुचवला होता, झटपट हिरवा होतो म्हणून. शेजारच्या गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे सांगितल्यावर त्यानं मुकाट्यानं तगरीची रोपं काढली. शेवगा लावणार असाल तर घरापासून लांब लावा, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या काडकन मोडतात.

एक गोष्ट हिरवळीसारखी झाली नाही: पोरांना लोळायला जागा. जलपिंपळी ही जमिनीलगत पसरणारी वनस्पती लावली आहे, चांगली धरलीय, पण तिच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे अनवाणी खेळायला ती नको. त्यांच्यासाठी निंबाखाली मुरमाचा चौक ठेवलाय.

ज्यांची टाकी जमिनीलगत आहे त्यांनी ठिबकाच्या नादी लागू नये, आधी तिला उंच ओटा बांधावा. तेवढं जमत नसेल तर बिनझिलईचे माठ गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी भरा. माझ्याकडे दोन कोपऱ्यांत नळी पोचत नव्हती. तिथली रोपं माठावरच जगली, आणि माठाभोवती पाला होताच.