स्क्रिप्ट एरर आला: हिस्टरी उडवावी, रीसेट मारावा की ब्राउझर बदलावा?

फॉर्म अर्धा भरून झालाय, काउंटरपलीकडे माणूस ताटकळत उभा आहे आणि स्क्रीनवर स्क्रिप्टचा, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडचा, इशारा येतो. रत्नागिरी असो वा वेंगुर्ला, शेजारच्या खुर्चीतून येणारा सल्ला ठरलेला: ‘सगळी हिस्टरी उडव रे.’ माझ्या मते हा उपाय यादीत तळाशी हवा. त्यात जातं खूप आणि कळत काहीच नाही.

आधी इशारा कुठला ते बघा. क्रोमने ‘पेज अनरिस्पॉन्सिव्ह’ म्हटलं किंवा पानामुळे ब्राउझर मंदावलाय अशी पट्टी फायरफॉक्सने दाखवली, तर स्क्रिप्ट चुकलीच असेल असं नाही, ती अडकून बसलीय. क्रोममध्ये ‘एक्झिट’ दाबलंत की भरलेला मजकूर गेला; ‘वेट’ दाबा आणि शिफ्ट-एस्केपने कुठला टॅब मेमरी खातोय ते बघून, तो फॉर्मचा नसेल तर बंद करा. आणि ‘संगणकात व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा’ असं काही आलं, तर ती सरळ फसवणूक. ब्राउझर कधीही फोन नंबर देत नाही.

खरा स्क्रिप्ट एरर आजकाल खिडकी उघडून सांगत नाही. ‘सबमिट’ दाबलं तरी पान ढिम्म हलत नाही, एवढंच दिसतं. एफ12 दाबून कन्सोल (पानातल्या चुका दाखवणारी चौकट) उघडा आणि लाल ओळ वाचा. ‘$ इज नॉट डिफाइन्ड’ असेल, तर बहुतेक वेळा पानाची स्क्रिप्ट आली, पण ती ज्या जेक्वेरी नावाच्या तयार कोडच्या भरवशावर लिहिलीय ती फाइल वाटेतच राहिली. आषाढात लाईट येते-जाते, टॉवरची रेंजही तशीच. तेव्हा ही ओळ हमखास दिसते. ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे ‘<’ असेल, तर स्क्रिप्ट मागितली आणि हातात वेबपान पडलं: सर्व्हरचं ‘सापडलं नाही’चं पान, नाहीतर लॉजच्या वायफायचं लॉगिनचं पान.

दोन्ही वेळी आधी कंट्रोल-एफ5 दाबून बघा. ते त्या एकाच पानाच्या फाइली नव्याने आणतं. फॉर्ममधला मजकूर मात्र आधी नोटपॅडमध्ये उतरवून घ्या. याउलट हिस्टरीसोबत सगळी कॅश (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या साइटच्या फाइली) पुसलीत, तर प्रत्येक साइटच्या फाइली पुन्हा पहिल्यापासून उतरणार, म्हणजे रेंज नाही म्हणून आलेल्या अडचणीवर रेंज खाणारा उपाय. सोबत कुकीजवर (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींवर) टिक राहिली, तर सगळीकडून लॉगआउट आणि पुन्हा ओटीपीची वाट बघणं. पुसायचंच असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्याच साइटचा डेटा पुसा.

एवढ्यानेही भागलं नाही, तर दोष आपल्या ब्राउझरात की साइटवर, हे ठरवायला खासगी खिडकी उघडा: क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. तिथेही तीच लाल ओळ आली, तर दोष बहुधा साइटचा. ब्राउझर रीसेट करून काही साधणार नाही. (डिजिटल सही एक्स्टेन्शनवर चालत असेल, तर ती या खिडकीत बंद दिसणारच. त्यावरून निष्कर्ष काढू नका.)

इथे फायरफॉक्स एक पाऊल पुढे आहे. त्याच्या मदतीच्या मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात एक्स्टेन्शन बंद होतात, पण कुकीज आणि कॅश जागेवर राहतात. पान दोन्हीकडे चाललं, तर संशयित एक्स्टेन्शन. फक्त खासगी खिडकीत चाललं, तर कुकी किंवा कॅश. क्रोममध्ये एकेक एक्स्टेन्शन बंद करून बघत बसावं लागतं. पहिला संशय जाहिराती अडवणाऱ्यावर घ्या.

रीसेटमध्येही दोघांचा स्वभाव वेगळा. क्रोमचा रीसेट एक्स्टेन्शन नुसते बंद करतो, पण कुकीज पुसतो. फायरफॉक्सचा ‘रिफ्रेश’ एक्स्टेन्शन काढूनच टाकतो, कुकीज मात्र ठेवतो आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरात टाकतो. बुकमार्क आणि पासवर्ड दोन्हीकडे शाबूत. दिवसभर लॉगिनवर काम असेल, तर मला फायरफॉक्सची रीत परवडते.

जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररात ‘प्रत्येक स्क्रिप्ट एररची सूचना दाखवा’ यावरची टिक काढून मोकळं होण्याची सवय पुष्कळांना होती. इशारा जायचा, पण बिघडलेलं बटण बिघडलेलंच राहायचं. तो ब्राउझर 15 जून 2022 ला निवृत्त झाला, तरी त्याचं इंजिन (पान चालवणारा भाग) विंडोजमध्ये आहे, म्हणून काही जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘या पानावर स्क्रिप्ट चालू ठेवायच्या का?’ ही चौकट आजही उगवते. 2015 नंतरचं जावास्क्रिप्ट (स्क्रिप्ट लिहिण्याची भाषा) त्या इंजिनाला जवळपास कळतच नाही. तिथे कॅश पुसू नका, सॉफ्टवेअरचं अपडेट मागा.

उलट एखादं पोर्टलच त्या काळातलं असेल, तर क्रोम-फायरफॉक्समध्ये डोकं आपटण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोडला परवानगी द्या आणि त्या पानाचा पत्ता यादीत घाला. ही नोंद 30 दिवसच टिकते. महिन्याने तेच पान पुन्हा रुसलं, तर आधी यादी बघा.