घरी डिले-रिव्हर्ब पेडल बनवायचंय? आधी चिप ठरवा

गिटारचा आवाज खरखरीत करणारं फझ किंवा ओव्हरड्राइव्ह पेडल बनवून हात बसला की पुढचा नंबर लागतो डिलेचा (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा) आणि रिव्हर्बचा (खोलीसारखी गुंज देणारा). फझमध्ये ट्रान्झिस्टर बदलून पाहता येतात, सर्किट तेच राहतं. इथे तसं नाही. आवाज क्षणभर कुठेतरी साठवून ठेवावा लागतो, आणि कोणती चिप तो कसा साठवते यावर टोन, खर्च, मेहनत सगळंच ठरतं. इनपुट बफर, मूळ (ड्राय) आणि इफेक्टचा (वेट) आवाज मिसळणारा मिक्सर, ९ व्होल्टचा सॉकेट, फूटस्विच हे बाकीचं सामान सगळीकडे जवळपास सारखंच. म्हणून ‘कोणतं पेडल बनवू?’ असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: रिपीट्स (उशिरा परत ऐकू येणारे सूर) किती लांब हवेत, आणि सोल्डरिंगचा हात कसा आहे?

पैसे वाचतील म्हणून यात पडू नका. ॲल्युमिनियमचा डबा, थ्रीपीडीटी (एका दाबात तीन जोड बदलणारा) स्विच, बरे पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलणारे) आणि नॉब यांचीच बेरीज मोठी होते, आणि स्वस्त मिनी पेडलं बाजारात तयार मिळतात. स्वतः बनवायचं ते रिपीट किती काळपट (तीव्र सूर कमी असलेला) हवा, नॉब कुठपर्यंत फिरायला हवा, हे आपल्या कानाने ठरवता यावं म्हणून.

पहिल्या डिलेसाठी माझा कौल पीटी२३९९ लाच. तैवानच्या प्रिन्सटन टेक्नॉलॉजीची ही चिप कराओकेच्या इकोसाठी बनली होती. १६ पाय, साधी डीआयपी (दोन रांगांत लांब पाय असलेली), सॉकेटमध्ये बसते, आणि इतकी स्वस्त की दोन-चार जास्तीच्या आणून ठेवाव्यात. ती ५ व्होल्टवर चालते, म्हणून ९ व्होल्टमधून ७८एल०५ हा रेग्युलेटर लावावा लागतो. आत ४४ किलोबिट मेमरी. मेमरी तेवढीच राहते. डिले लांबवायचा म्हणजे क्लॉक (आवाज किती वेगाने पुढे सरकतो ते ठरवणारं स्पंदन) मंद करायचं, आणि क्लॉक मंद झालं की आवाज खरखरीत होतो. या चिपचा सगळा स्वभाव एवढ्यात आला.

गंमत आहे सहाव्या पायावर. तिथून ग्राउंडपर्यंत जेवढा रेझिस्टन्स, तेवढा डिले. डेटाशीटप्रमाणे २७.६ के ला साधारण ३४० मिलिसेकंद मिळतात. ५० के चा पॉट लावला तर ६०० च्या आसपास जाता येतं, पण तिथे सुस्कारा आणि कचकच इतकी वाढते की स्वच्छ वाजवणाऱ्याला ते चालणार नाही. ॲम्बियंट वाजवणारे मात्र मुद्दाम तिथेच जातात. पॉटच्या सिरीजमध्ये २.२ के चा रेझिस्टर टाकाच. चालू होताना या पायाला फारच कमी रेझिस्टन्स दिसला तर चिप अडकून बसते: ड्राय सिग्नल ठणठणीत जातो, रिपीट मात्र एकही येत नाही, आणि माणूस तासन्‌तास सोल्डरचे जोड तपासत राहतो. त्या रेझिस्टरमुळे किमान डिले पन्नासेक मिलिसेकंदांवर येतो. गिटारला त्याखाली क्वचितच जावं लागतं. रॉकाबिलीचा स्लॅपबॅकसुद्धा (एकच झटपट रिपीट) ८० ते १२० मध्ये बसतो.

दुसरी काळजी ग्राउंडची. तिसरा पाय ॲनालॉग ग्राउंड, चौथा डिजिटल. दोन्ही वेगळे नेऊन पॉवरच्या जागी एकत्र करा. वेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या तयार बोर्डवर) घाईघाईने कुठेही जोडले की क्लॉकची शिट्टी थेट ॲम्पमधून ऐकू येते, आणि मग लोक चिपला शिव्या घालतात.

आता बकेट ब्रिगेड, म्हणजे खरा ॲनालॉग डिले. ही कल्पना फिलिप्सच्या प्रयोगशाळेतली, १९६९ ची. आग विझवायला माणसं रांगेने बादल्या पुढे सरकवतात, तसा कपॅसिटरच्या रांगेतून चार्ज पुढे जातो. १९८१ च्या बॉस डीएम-२ पेडलमध्ये सुरुवातीला मात्सुशिताची एमएन३००५ होती, ४०९६ पायऱ्यांची, आणि डिले जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांचा. गणित मांडून बघा: पायऱ्या भागिले क्लॉकची दुप्पट म्हणजे डिले. ३०० मिलिसेकंदांसाठी क्लॉक ६.८ किलोहर्ट्झवर आणावं लागतं, आणि त्याच्या निम्म्यावरचं, म्हणजे ३.४ किलोहर्ट्झवरचं, काहीच धड पुढे जात नाही. फिल्टर त्याच्याही खाली कापतात. ज्या ऊबदार, काळपट रिपीट्ससाठी लोक जीव टाकतात त्यांचा जन्म या मर्यादेत आहे.

तो आवाज देखणा आहे, यात वादच नाही. पण त्यासाठी क्लॉक ड्रायव्हर हवा, गोंगाट दाबायला बहुतेक डिझाइनमध्ये ५७० किंवा ५७१ जातीचा कंपँडर (आवाज आधी आवळून नंतर पुन्हा पसरवणारी चिप) हवा, आणि बायसचे (चिपला लागणाऱ्या आधार-व्होल्टेजचे) ट्रिमपॉट नीट लावायला ऑसिलोस्कोप असलेला बरा. कानाने बायस लागतो, पण रिपीट नेमका कुठे चिरकतोय हे स्क्रीनवर एका नजरेत दिसतं. जुन्या एमएन३००५ च्या नावाखाली भलत्याच चिपवर शिक्का मारून विकणारे खूप आहेत. त्यापेक्षा एक्सव्हाइव्हची नवी एमएन३००५ किंवा कूलऑडिओची व्ही३२०५ घ्या. दुसरं-तिसरं पेडल म्हणून बकेट ब्रिगेड जरूर करा. पहिलं म्हणून नको. पीटी२३९९ च्या रिपीटवर जरा कडक लो-पास (वरचे सूर कापणारा) फिल्टर लावला तर ड्रम आणि बास चालू असताना दोन्हींतला फरक ओळखणारे कान थोडेच.

रिव्हर्बकडे आलं की बहुतेक नवशिके बेल्टनच्या ब्रिककडे (तयार रिव्हर्ब मॉड्यूलकडे) वळतात, आणि त्यात चूक काही नाही. बीटीडीआर-२एच म्हणजे एका छोट्या डबीत तीन पीटी२३९९ एकमेकांत गुंतवलेल्या. ५ व्होल्ट द्यायचे, पुढेमागे एक टीएल०७२ ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), झालं रिव्हर्ब. फक्त रेग्युलेटर मोठा, ७८०५ घ्या. ब्रिकची भूक ७८एल०५ च्या १०० मिलिअँपिअरच्या मर्यादेजवळ जाते. आवाज स्प्रिंगच्या वळणाचा, थोडा धातूसारखा. क्लीन टोनवर, सर्फ किंवा ब्लूजला छान. पण शेपटी (सूर थांबल्यावर विरत जाणारी गुंज) किती लांब हे शॉर्ट, मीडियम, लाँग अशा मॉडेलवर ठरलेलं असतं. बीटीडीआर-३ मध्ये ते बाहेरून बदलता येतं. स्टॅकॅटो (तुटक सूर) वाजवून थांबलात की शेपटीतली फडफड कानाला टोचते. ती मला सहन होत नाही, म्हणून माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

ती बाजू म्हणजे स्पिन सेमिकंडक्टरची एफव्ही-१. पेडल बनवणाऱ्या एमएक्सआरच्या संस्थापकांपैकी एक आणि स्टुडिओ उपकरणांच्या अलेसिसचे संस्थापक किथ बार यांची ही चिप. घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, ३.३ व्होल्ट, तीन पॉट, आणि पूर्ण १ सेकंदाची डिले मेमरी. आत ८ प्रोग्रॅम तयार असतात. शेजारी २४एलसी३२ ईईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी छोटी चिप) लावलं की आणखी ८ तुमचे. प्रोग्रॅमच्या १२८ ओळींत काय मावणार असं वाटतं, पण एक सुरेख प्लेट रिव्हर्ब (धातूच्या पत्र्याच्या गुंजेसारखा) मावतो. १२० च्या टेम्पोला डॉटेड एट्थ (पाऊण ठोक्याचा) डिले ३७५ मिलिसेकंदांचा. तिथे पीटी२३९९ स्वच्छ टप्प्याबाहेर गेलेली असते, डीएम-२ पोचतच नाही. एफव्ही-१ वर अर्धी मेमरीसुद्धा लागत नाही. म्हणजे एकाच बोर्डवर रिव्हर्बही आणि लांब डिलेही.

अडचण एकच: चिप एसओआयसी (बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर करायची) आहे, २८ पाय, पायांत १.२७ मिलिमीटर अंतर. भीती वाटते, पण भरपूर फ्लक्स, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि आधी कोपऱ्यातले दोन पाय टाचून घ्यायचे, एवढं केलं की जमतं. अजिबात धीर होत नसेल तर चिप आधीच बसवलेले बोर्ड मिळतात. सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर डेझी सीडसारखा बोर्डही आहे, ६४ मेगाबाइट मेमरीचा. पण त्या वाटेने संध्याकाळ कीबोर्डवर जाते.

सामानाचं म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, रेग्युलेटर, टीएल०७२ सगळं मिळतं. पीटी२३९९ कराओके इको म्हणून विचारली तर दुकानदाराला पटकन कळते. ब्रिक आणि एफव्ही-१ मात्र सहसा बाहेरून मागवाव्या लागतात, वर टपाल आणि कस्टम्स. म्हणून मागवताना दोन मागवा.

आणि डब्याला भोकं पाडण्याआधी बायपास (पेडल बंद असताना सिग्नल कुठून जाणार) ठरवा. थ्रीपीडीटीचा ट्रू बायपास (सिग्नल सर्किटला पूर्ण वगळतो तो) फझला ठीक; डिले-रिव्हर्बमध्ये स्विच दाबला की शेपटी तिथेच कापली जाते. सोलो संपवून पेडल बंद करताना शेवटचा सूर विरत जायला हवा असेल, तर बफर्ड बायपास (सिग्नल बफरमधून जातच राहतो तो) करा आणि स्विचने फक्त डिलेकडे जाणारा सिग्नल तोडा. वायरिंग थोडं वाढतं. मंचावर वाजवणार असाल तर ते कराच.