प्लांटेड टँक बसवून घेताना झालेली माझी फसवणूक

गेल्या वर्षी जूनमध्ये बेळगावात शहापूर भागातील आमच्या घरी मी जिवंत पाणवनस्पतींची मोठी टाकी, म्हणजे या छंदातील लोक जिला प्लांटेड टँक म्हणतात ती, एका माणसाकडून बसवून घेतली. त्या व्यवहारात माझे ६८,००० रुपये गेले आणि चोवीस मासे डोळ्यांदेखत मेले. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत असा टँक करू पाहणारी मंडळी माझ्या ओळखीत बरीच आहेत. हाच माणूस, किंवा याच रीतीने काम करणारा दुसरा कोणी, उद्या त्यांच्या दारात उभा राहू शकतो, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर जपानच्या ताकाशी आमानो यांनी रचलेल्या टाक्यांची छायाचित्रे पाहण्यात आली आणि पाण्याखालची ती हिरवळ आपल्या घरीही असावी, असे मनाने घेतले. ओळखीतून ज्याचे नाव कळले तो महाराष्ट्रातून येऊन आमच्या बाजूला कामे करत असे. बोलणे नम्र, हातात मोबाइल, त्यात पन्नासेक सुंदर टाक्यांचे फोटो. त्यांतल्या किती त्याने स्वतः केल्या आहेत, हे मी विचारले नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे १९० लिटरची एक्स्ट्रा क्लिअर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त पारदर्शक काचेची टाकी, अ‍ॅक्वासॉइल (तळाशी घालायची पोषक माती), कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर), एलईडी दिवा, झाडांच्या वाढीसाठी दोन किलो कार्बन डायऑक्साइड भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि वीस जातींच्या वनस्पती, असे एकूण ६८,००० रुपयांत ठरले. निम्मी रक्कम त्याने आधी घेतली आणि उरलेली टाकी भरली त्याच संध्याकाळी घेतली. बिलाचा विषय काढताच म्हणाला, "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर लागतील की ओ बाई. तुमच्यासाठी कशाला?" दोन्ही वेळा पैसे यूपीआयने गेले आणि ते ज्या खात्यात गेले त्यावर नाव तिसऱ्याच कोणाचे होते. तेव्हाच थांबायला हवे होते.

असा टँक बसवला की पहिले चार ते सहा आठवडे काही ना काही बिघडलेले दिसतेच. फिल्टरमध्ये उपयुक्त जीवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेल्या वनस्पती पाण्यात गेल्यावर जुनी पाने टाकतात, आणि क्रिप्टोकोरिनसारख्या झाडांची पाने तर जागा बदलली तरी विरघळल्यासारखी होतात. हे सगळे खरे आहे आणि त्या माणसाला ते उत्तम ठाऊक होते. मी तक्रार केली की तो यांपैकी एक खरी गोष्ट मला समजावून सांगे, मी पुस्तकात पडताळून पाही, पुस्तकातही तेच लिहिलेले असे आणि मी गप्प बसे. असे पाच आठवडे गेले.

वनस्पतींचे प्रकरण तिसऱ्या आठवड्यात उघड होऊ लागले. त्याने मागच्या बाजूला लावलेली बाणाच्या आकाराच्या पानांची रोपे देठापासून मऊ पडत होती. "मेल्ट होतंय ओ, नवीन पान येतंय बघा," असे त्याने फोनवर सांगितले. एक देठ काढून मी बोटांत मोडला, तर त्यातून पांढरा चीक आला. आमच्या गॅलरीत कुंडीत सिंगोनियमचा वेल आहे. त्याचे पान आणून शेजारी ठेवले, तेव्हा शिरांसकट दोन्ही सारखी निघाली. मग एकेक रोप उपटून पाहिले. जाळीदार पानांची फिटोनिया, जांभळ्या झाकेची हेमिग्राफिस, गवतासारखी दिसणारी मॉन्डो ग्रास आणि दोन ड्रेसिना. वीसपैकी अकरा जाती जमिनीवरच्या, घरात कुंडीत लावायच्या शोभेच्या वनस्पती होत्या. पाण्यात बुडवल्या की त्या काही आठवडे हिरव्या दिसतात आणि मग मुळापासून कुजतात. खरी पाणवनस्पती जुनी पाने टाकते तेव्हा तिचा कंद किंवा खोड टणक राहते आणि मधून नवे, निराळ्या घडणीचे पान निघते. या रोपांची मुळे काळी पडली होती आणि त्यांना गटारासारखा वास येत होता. पाणवनस्पती म्हणून दिलेल्या त्या सिंगोनियमच्या प्रत्येक रोपाचे मी २५० रुपये मोजले होते.

माशांबद्दल लिहिताना आजही त्रास होतो. टाकी भरल्यानंतर चौथ्याच दिवशी त्याने तीस निऑन टेट्रा आणून सोडले. नव्या अ‍ॅक्वासॉइलमधून सुरुवातीला माशांना विषारी असा अमोनिया सुटतो, फिल्टरमध्ये तो पचवणारे जीवाणू अजून नसतात, आणि माझ्या टाकीत तर खाली कुजणारी रोपेही होती. अशा वेळी मासे सोडायचे नसतात आणि पाणी वरचेवर बदलायचे असते. मला त्याने नेमके उलटे सांगितले, "सायकल बिघडेल, महिनाभर पाण्याला हात लावू नका." सायकल म्हणजे फिल्टरमध्ये ते जीवाणू तयार होण्याची क्रिया. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले लालभडक झाले. मी टेस्ट किट मागवून अमोनिया मोजला तेव्हा तो लिटरला २ मिलिग्रॅम निघाला. त्या रात्री निम्मे पाणी बदलले, पण तोवर सहाच मासे उरले होते. त्याचे म्हणणे असे की दोष बेळगावच्या पाण्याचा, इथले पाणी जड. आमच्या नळाच्या पाण्याची क्षारता, म्हणजे त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे अंशांत मोजायचे प्रमाण, मी त्याच किटने मोजली, ती ३ अंश भरली. इतकी कमी क्षारता असलेले पाणी सहसा जड नसते.

मला सर्वांत जास्त धक्का ड्रॉप चेकरने दिला. हा काचेचा लहानसा फुगा टाकीच्या आत लावतात आणि त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक (आम्लतेनुसार रंग बदलणारे द्रव्य) घातलेले, ४ अंश क्षारतेचे पाणी भरतात. टाकीतला कार्बन डायऑक्साइड मधल्या हवेतून त्या द्रवात उतरतो. वायू कमी असेल तर द्रव निळा राहतो, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर हिरवा होतो आणि माशांना धोका होईल इतका वाढला तर पिवळा पडतो. आमच्या टाकीतला द्रव पहिल्या दिवसापासून सुरेख हिरवा होता आणि तो तसा दिसतो म्हणून मी निर्धास्त होते. एका पहाटे साडेसहाला पाणी तपासताना लक्षात आले की रात्रभर गॅस बंद असूनही रंग तोच आहे. दहा-अकरा तासांनंतर तो निळ्याकडे झुकायला हवा होता. हाच दर्शक नळीतून फुंकर मारून पिवळा करून दाखवण्याचा प्रयोग मी वर्गात कितीदा केला असेल. तो फुगा बाहेर काढून द्रव पांढऱ्या बशीत ओतला आणि त्यात व्हिनेगरचा थेंब टाकला. हिरवा. दुसऱ्या बशीत खाण्याचा सोडा टाकला. तिथेही हिरवा. तो दर्शक नव्हताच, नुसते रंगीत पाणी होते.

मग मी स्वतः द्रव तयार केला. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.१२ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की ४ अंश क्षारता येते. एवढे थोडे वजन घरी नीट होत नाही, म्हणून १.२ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवून त्यातला एक भाग नऊ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या दर्शकाचे चार थेंब टाकले. दिवसभर गॅस चालू ठेवूनही तो द्रव निळाच राहिला. माझ्या झाडांना कार्बन डायऑक्साइड जवळजवळ मिळतच नव्हता. त्याने नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसचा प्रवाह कमी-जास्त करायची बारीक झडप, इतका आवळून ठेवला होता की बुडबुडे मोजायच्या नळीत तीन-चार सेकंदांना एक बुडबुडा पडे.

व्हॉल्व्ह इतका आवळण्याचे कारण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवले. तो उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे आणि वेल्डिंगला हाच वायू लागत असल्याने हे सिलिंडर रोज त्याच्या हाताखालून जातात. त्याने सिलिंडर नुसता उचलला आणि म्हणाला, "बाई, ह्यात गॅस कुठं आहे ओ?" मी रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा दाखवला, तो ६० च्या थोडा पुढे होता, पहिल्या दिवशी होता तिथेच. तेव्हा त्याने मला समजावले, आणि हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. त्यामुळे भरलेला आणि संपत आलेला सिलिंडर काट्यावर सारखाच दिसतो. गॅस किती आहे हे फक्त वजनावरून कळते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर कोरलेले असते. माझ्या सिलिंडरवर ६.२ किलो होते. रेग्युलेटर काढून आम्ही तो गल्लीतल्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला, तर ७.१ किलो भरला. दोन किलोचे पैसे दिले होते आणि आत ९०० ग्रॅम होता. जेवढा वापर झाला होता तो धरला तरी निम्माच भरून दिला असावा. त्याहून गंभीर म्हणजे कोरलेली चाचणीची शेवटची तारीख २०१४ ची होती. या सिलिंडरांची पाण्याच्या दाबाने दर पाच वर्षांनी चाचणी व्हावी लागते, आणि असा मुदत उलटलेला सिलिंडर दिवाणखान्यात, जिथे माझा नातू बसून गृहपाठ करतो तिथे, महिनाभर उभा होता.

काच साधी निघाली. एक्स्ट्रा क्लिअर काचेची कड फिकट निळसर दिसते आणि माझ्या टाकीची कड बाटलीसारखी गडद हिरवी आहे. अ‍ॅक्वासॉइलच्या पिशव्या त्याने घरी आणल्या तेव्हाच फोडलेल्या होत्या, त्यामुळे आत काय होते हे आता सिद्ध करता येत नाही.

सगळे फोटो पाठवून मी पैसे परत मागितले. पहिले दोन दिवस "येतो, बघतो" चालले. मग त्याने लिहिले की झाडे जगवणे हे गिऱ्हाइकाच्या हातात असते, आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले. माणूस दुसऱ्या राज्यातला, तेव्हा तक्रारीसाठी आपल्याला तिकडे खेटे घालावे लागतील, अशी माझी समजूत होती. सीमाभागातील पुष्कळांची अशीच समजूत असते आणि असल्या लोकांचे तिच्यावरच फावते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती घेता येते. मी तिथे फोन केला, मग लेखी नोटीस पाठवली आणि नंतर बेळगावच्या आयोगात तक्रार दाखल केली. बिल नसल्याची अडचण आहेच. पण ठरलेल्या वस्तूंची त्याने स्वतः पाठवलेली यादी, यूपीआयच्या दोन्ही नोंदी, किराणा काट्यावरच्या सिलिंडरचा फोटो आणि माझे त्याच्याशी झालेले सगळे संदेश मी जोडले आहेत. सुनावणी अजून व्हायची आहे. तुमचा असा व्यवहार चालू असेल तर कृपा करून एकही संदेश पुसू नका, आणि फोनवर ठरलेले त्याच दिवशी लिहून त्याला पाठवा.

टाकी मी मोडली नाही. कुजलेली रोपे काढली, सहा आठवडे नुसते पाणी बदलत राहिले, अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तितकेच घातक नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच पुढचे पाऊल टाकले. जुन्यांपैकी अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न टिकली, ती खरी होती. नव्या वनस्पती घेताना प्रत्येकीचे शास्त्रीय नाव बिलावर लिहायला सांगितले. दोन विक्रेत्यांनी नकार दिला, तिसऱ्याने दिले, त्याच्याकडून घेतल्या. नवा सिलिंडर चाचणीची तारीख वाचून घेतला आणि पैसे देण्याआधी दुकानातच वजन करवले. त्यावर कोरलेले वजन ६.४ किलो होते, काट्यावर ८.४ भरले, आणि दोन्ही आकडे मी बिलावर लिहून घेतले.