खोली नंतर बघा, बाहेर कोण काढू शकतं ते आधी विचारा

घर सुटलेल्या, किंवा वय भरलं म्हणून संस्थेने निरोप दिलेल्या 17-18 वर्षांच्या मुलासाठी जागा बघायला गेलं की माणूस आधी खोली बघतो. पलंग कसा आहे, खिडकी आहे का, न्हाणीघर किती जणांत. ते बघावंच, पण पहिला प्रश्न वेगळा असावा: या मुलाला इथून कोण, कशासाठी आणि किती दिवसांची मुदत देऊन बाहेर काढू शकतं? राहण्याबरोबर आधारही देणाऱ्या निवासांचे चार मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यातला खरा फरक या उत्तरात असतो.

सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे चोवीस तास कर्मचारी असलेलं वसतिगृह. त्याचा विचारपूर्वक घडवलेला नमुना ‘फॉयर’ नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये कामासाठी शहरात आलेल्या तरुणांकरता अशी घरं वाढली. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली, पुढे मेलबर्नला ती थेट व्यवसाय शिक्षणाच्या आवारात पोचली. तिथे 16 ते 24 वयाचे साधारण 40 जण राहतात, प्रत्येकाला स्वतःची छोटी खोली मिळते, मुक्काम 2 वर्षांपर्यंत. मुख्य अट ही, की शिक्षण चालू ठेवायचं. ज्याचं शिक्षण केवळ डोक्यावर छप्पर नसल्याने अडलंय, त्याच्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

पण अट दुधारी आहे. मुलगा वर्गात जायचा थांबतो तो बहुधा आळसाने नव्हे, मन खचल्याने. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याची खोली त्या अटीला टांगलेली असते. शिवाय चाळीस जण एकत्र म्हटल्यावर चाळीस जणांच्या अडचणीही एकत्र आल्या. उसने पैसे, चोऱ्या, नशा, रात्रीची भांडणं. यातलंच काहीतरी मागे टाकून आलेल्या मुलाला ते शेजारच्या खोलीत पुन्हा भेटू शकतं. व्यवस्थापकाला सरळ विचारा, गेल्या वर्षी किती जणांना जायला सांगितलं आणि ते कुठे गेले? पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे असतं. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर ज्याच्याकडे असेल, त्याच्या वसतिगृहावर मी विश्वास ठेवेन.

दुसरा पर्याय म्हणजे एखाद्या कुटुंबात राहणं. इंग्लंडमध्ये लीड्सला 1987 मध्ये ‘नाइटस्टॉप’ सुरू झालं, ते तातडीच्या एखाद-दोन रात्रींसाठी. पारखून घेतलेले स्वयंसेवक आपल्या घरातली मोकळी खोली देतात. याच धर्तीवर महिनोन्महिने ठेवून घेणारी, मानधन मिळणारी कुटुंबंही असतात. इथे मुलाला रोजचं जगणं बघायला मिळतं: बिल कधी भरायचं, आजारी पडल्यावर कुणाला सांगायचं, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोलायचं कसं. कुठल्याही प्रशिक्षण वर्गात हे शिकवता येत नाही. मात्र घर यजमानांचं असतं, त्यामुळे त्यांना नको वाटलं की मुक्काम हलतो. आणि ज्या मुलाला घरातच मारहाण झाली किंवा तो जसा आहे तसा घरच्यांनी स्वीकारला नाही, त्याला परक्या घराची बैठकीची खोलीसुद्धा जड जाऊ शकते. तेव्हा हेही विचारा की पहिल्या दिवसापासून घराची किल्ली मिळेल का, आणि यजमान बाहेर गेले तर मुलगा घरात थांबू शकेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो तिथे राहणार नाही, पाहुणचार घेणार आहे.

तीन-चार जणांचं गटघर, जिथे आधार देणारा कार्यकर्ता ठरलेल्या वेळी येतो, हा मधला मार्ग. सोबती जुळले तर उत्तम, नाही जुळले तर असह्य. नवा सोबती निवडताना आधीच्यांना विचारतात का, एवढंच बघा.

चौथा पर्याय स्वतंत्र घराचा: भाडेकरार मुलाच्या नावावर, कार्यकर्ता भेटीला येणारा. यामागचा ‘आधी घर’ हा विचार मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रुजवला. नशा सोडा, उपचार घ्या, मग घर, हा क्रम त्यांनी उलटा केला. कॅनडातल्या पाच शहरांत झालेल्या मोठ्या चाचणीत मानसिक आजार असलेले 18 ते 24 वयाचे 156 बेघर तरुणही होते. ज्यांना असं घर मिळालं त्यांचे सुमारे 65 टक्के दिवस स्थिर घरात गेले, नेहमीच्या सेवांवर असलेल्यांचे 31 टक्के. फरक मोठा आहे. तरी तरुणांसाठी ही पद्धत वेगळी घडवावी लागेल, असं संशोधकांनीही म्हटलं.

ते खरंच आहे. प्रौढाला रिकामं घर म्हणजे सुटका वाटेल, अठराव्या वर्षी ती शांतता खायला उठते. मग ओळखीचे चार जण येतात, मुक्काम ठोकतात, गोंगाट होतो आणि नोटीस मात्र नावावर घर असलेल्याला येते. त्यांना ‘जा’ म्हणण्याची हिंमत एकट्या पोरात नसते, म्हणून आठवड्याला एक भेट इथे पुरत नाही. रात्री फोन उचलणारं कुणीतरी हवं. या प्रकाराचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: कार्यकर्त्याशी बिनसलं तरी घर जात नाही. वर सांगितलेल्या बाकी तिन्हींत ते बहुधा जातं.

मी असा तोलेन. अठराच्या आतला असेल तर भाडेकरार त्याच्या नावाने होणं सहसा अवघड असतं, म्हणून कुटुंब किंवा छोटं वसतिगृह. तपासणी कोण करतं, हेही तेव्हाच विचारायचं. इंग्लंडमध्ये सरकारी देखभालीतल्या 16-17 वर्षांच्या मुलांसाठीच्या अशा जागांना नियामकाकडे नोंदणी सक्तीची झाली ती थेट 2023 मध्ये. शिकायची ओढ असेल तर फॉयर. दोन-तीन ठिकाणांहून नियम मोडले म्हणून काढलेला असेल तर चौथं वसतिगृह शोधू नका, स्वतंत्र घर आणि घट्ट आधार द्या. सगळ्यांना वाटतं ते नेमकं उलट, की ‘हा अजून तयार नाही’. नियमांच्या जागी तो तीनदा अपयशी ठरला, घरात राहण्यात अजून एकदाही नाही.

आणि जागा बघायला दुपारी जाऊ नका. रात्री नऊनंतर जा, मुलाला बरोबर घेऊन, आणि परतताना तो स्वतःहून काय बोलतो ते ऐका.