मालवणच्या 'मरीन नॅशनल पार्क'चे पास कोणी विकत असेल तर घेऊ नका

जानेवारीत आम्ही चौघं कोल्हापूरहून मालवणला गेलो होतो. मुलगा सहावीत आहे, समुद्रातल्या प्राण्यांचं त्याला भयंकर वेड, त्यामुळे मोबाईलवर 'मालवण मरीन नॅशनल पार्क, ओहोटीच्या वेळी प्रवाळांवरून चाला' अशी जाहिरात दिसली तेव्हा त्याने हट्टच धरला. फोटो पण तसेच, गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं, खाली प्रवाळ, एकाच्या हातात फुगलेला मासा. मी फोन केला तर पलीकडचा माणूस इतकं गोड बोलला, ताई म्हणून, की रोज फक्त ४० पास निघतात, उद्याचे ६ उरलेत, लगेच भरा. एका पासचे १,२००, वर गाईडचे ८००. मी क्यूआर कोड स्कॅन करून ५,६०० रुपये भरले आणि दहा मिनिटांत पावती आली, वर तीन सिंहांची मुद्रा, खाली शिक्का. पैसे भरताना समोर एका बाईचं नाव आलं होतं हे मी बघितलं होतं, तिथेच थांबायला हवं होतं. सरकारी फी कोणाच्या खाजगी खात्यावर जाते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला जेटीवर या असं सांगितलेलं. साडेदहा वाजले, अकरा वाजले, फोन आधी बिझी मग बंद. शेवटी किल्ल्यावर होड्या नेणाऱ्या एका काकांना पावती दाखवली. त्यांनी नीट बघितली आणि म्हणाले, "ताई, तुमका ह्या कोणी दिल्यान? हय असो पास खयचो नाय." मग त्यांनीच सगळं समजावलं. आज अष्टमी, अष्टमीला पाणी फारसं हटत नाही, मोठी सुकती म्हणजे ओहोटी बघायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास यायला हवं, आणि तेव्हासुद्धा इथले बहुतेक प्रवाळ पाण्याखालीच असतात, स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा केल्याशिवाय दिसत नाहीत. ज्याला समुद्र माहीत आहे तो अष्टमीला असली जाहिरात करणारच नाही!

रूमवर येऊन शोधलं तेव्हा कळलं की कोकणात मरीन नॅशनल पार्क नाहीच. मालवणला आहे ते सागरी अभयारण्य, १९८७ साली जाहीर झालेलं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच येतात. मरीन नॅशनल पार्क आहे गुजरातला, जामनगरकडे कच्छच्या आखातात, १९८२ पासूनचं. जाहिरातीतले फोटो तिथल्याच नरारा बेटाचे निघाले. तिकडे ओहोटीला समुद्र खूप लांब हटतो आणि लोक खरंच चालत जाऊन प्रवाळ बघतात. म्हणजे तिकडचे फोटो दाखवून इकडच्या नावाने पैसे उकळले.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्यासारखे लोक उद्या स्वतःच किनाऱ्यावर खडकांत प्रवाळ शोधत फिरतील, पाय देतील, तुकडा उचलून घरी आणतील. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुकडा घरी नेणंसुद्धा गुन्हा आहे, आणि तुटलेलं प्रवाळ परत वाढायला वर्षानुवर्षं जातात. 'प्रवाळांवरून चाला' हे वाचूनच मला शंका यायला हवी होती.

त्याच काकांनी दुसऱ्या दिवशी पहाटे देवबागकडून होडीने नेलं, लाईफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडली नाही, डॉल्फिन दिसल्यावर मागे न लागता इंजिन बंद करून थांबले, आणि ते आपणहून जवळ आले. पाठीवर उंचवटा असलेले, तीन होते. मुलगा एक शब्द बोलला नाही, नुसता बघत बसला.

तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर संध्याकाळची वाट बघू नका, त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा, मी अर्धा दिवस घालवला. आणि बुकिंगआधी मालवणातल्या कोणालाही, लॉजवाल्याला, खानावळीतल्या वहिनींना, एकदा विचारा. त्या फसवणाऱ्याचा नंबर आता लागत नाही, पण परवा तेच फोटो वेगळ्या नावाने परत दिसले, खाली लिहिलंय जुलैचं बुकिंग सुरू. जुलैत तिथे समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा बंद असतात.