परवान्यावर चढलेली रायफल : 1,82,300 रुपयांचा व्यवहार

रायफलीचे 1,65,000, दुर्बिणीचे 12,500 आणि ‘सर्व्हिसिंग व पॉलिश’चे 4,800, असे एकूण 1,82,300 रुपये मी एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला मोजले आणि त्या बदल्यात मला नळी कापलेली, दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट (काडतूस आत सरकवून मागून बंद करणारा सरकता दांडा) बसवलेली पॉइंट टूटू, म्हणजे .22 बोअरची रायफल मिळाली. प्रकरण ग्राहक आयोगाकडे न्यायचे असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. पावती मात्र 90,000 रुपयांचीच आहे. उरलेले 92,300 रुपये रोख गेले. या धंद्यात असेच चालते हे जाणकारांना वेगळे सांगायला नको.

केवळ हौसेच्या नेमबाजीसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटले. पॉइंट 177 ची, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल बिनापरवाना मिळते आणि ती माझ्याकडे आहेच. पण मला पन्नास मीटरवर रिमफायर, म्हणजे खऱ्या काडतुसाची पॉइंट टूटू चालवायची होती. खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्याची मुभा 1980 च्या दशकात बंद झाली. नामांकित नेमबाजांसाठी सवलत आहे, पण मी त्या पंक्तीत बसत नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ती हातोहात फिरलेली चेक बनावटीची ब्रनो मॉडेल 2, आणि ती विकणाऱ्याला आपली अडचण आपल्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक असते. त्यात शस्त्र अधिनियमातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सहसा दोनच बंदुका ठेवता येतात. वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक माझ्या परवान्यावर आधीच होती, म्हणजे जागा एकच उरली होती. हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा किंचित खुलल्याचे मला आज आठवते.

25,000 रुपये आगाऊ देऊन रायफल राखून ठेवली. ‘साहेब, दुसरे गिऱ्हाईक उद्या येते आहे’ हे वाक्य ठरलेलेच होते. ताबा घेण्याच्या दिवशी त्याने बोल्ट स्वतःच बाहेर काढला, माझ्यासमोर दोनदा फिरवला आणि लगेच परत आत सरकवला. नळीचे टोक पाहताना माझ्या अंगठ्याला काळा डाग लागला आणि तो नुसत्या तेलाचा नव्हता. तेल पसरते, पुसले की जाते. हा रंग बोटाच्या रेषांत बसला होता, आणि जिथून तो निघाला तिथे धातूची चकचकीत गोल कड उघडी पडली होती. मूळ फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा खुंट, जागेवर नव्हता. मी विचारले, तर म्हणाला, ‘दुर्बीण लावल्यावर त्याचे काय काम, साहेब? ब्रनो आहे ही, नाव वाचून घ्यायची असते.’ म्हणजे साडेबारा हजारांची दुर्बीण माझ्या गळ्यात मारण्याचे कारण हे होते की ती असली म्हणजे फोरसाइट कुठे गेला असे कुणी विचारत नाही. तो डाग घेऊन मी घरी गेलो, साबणाने हात धुतले आणि तरीही उरलेले पैसे दिले. या क्षणाचा राग मला त्या माणसाइतकाच स्वतःवरही येतो. पण ज्या दुकानाला सरकारने परवाना दिला आहे, ज्याच्या नोंदवह्या पोलीस तपासतात, तिथे गिऱ्हाईकाने चोरबाजारातल्यासारखे सावध राहावे, ही अपेक्षा मला अजूनही अन्यायाची वाटते.

रेंजवर पहिल्याच डब्यात काय ते कळले. काही काडतुसे पेटतच नव्हती, जी पेटत होती त्यांची रिकामी पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत अडकत होती, आणि पन्नास मीटरवर गोळ्या बशीएवढ्या जागेत विखुरत होत्या. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळते. चेंबर रिकामे ठेवून वारंवार चाप ओढला, तर काही रायफलींत तीच पिन चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडते. तिथे काडतुसाच्या कडेला आधार उरत नाही आणि खाचेतून उचललेला धातू पुंगळीला धरून ठेवतो. परवानाधारक कारागिराने 1,500 रुपये घेऊन भिंगातून ती खाच मला दाखवली. शिवाय बोल्टवरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि कापल्यानंतर नळीचे तोंड नीट काटकोनात घासलेलेच नव्हते.

आता परत करू म्हटले, तर खरा सापळा इथेच आहे. रायफल एकदा परवान्यावर चढली की ती भाजीसारखी परत देता येत नाही. विक्रीची परवानगी लागते, अर्ज लागतो, आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा लागते. विक्रेता हे पक्के जाणतो, म्हणूनच नोंद होईपर्यंत गोड बोलतो आणि नोंद झाल्यावर फोन उचलत नाही. परवाना शाखेत गेलो, तर लिपिकाने माझा अर्ज वाचण्याऐवजी मलाच विचारले की नळी कुणी कापली. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, हे त्यांनी मला पाठ म्हणून दाखवले, पण ज्या दुकानातून ती तशी विकली गेली तिकडे बोट करायला कुणी तयार नव्हते. शस्त्राची पाहणी करून परवान्यावर नोंद याच कार्यालयाने केली होती; तेव्हा कुणाला आखूड नळी दिसली नाही, न जुळणारा क्रमांक दिसला नाही, आणि आता मात्र सगळे डोळे माझ्यावर. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून वाटेला लावले. लेखी पोच मागितली, तर साहेब नाहीत. साहेब आले, तर परवाना शाखेचे पत्र आणा. परवाना शाखेत गेलो, तर पोलिसांचा अहवाल आणा. फसवणारा एक असतो. त्याला निर्धास्त करणारे मात्र पगारी असतात, हे मी रागाने लिहीत असलो तरी विचार करून लिहीत आहे.

जुनी रायफल घेणार असाल, तर बोल्ट स्वतःच्या हातात घ्या आणि त्यावरचा क्रमांक रायफलीशी ताडून पाहा. विक्रेता तो देत नसेल तर तिथूनच उठा. चेंबरच्या काठावर टॉर्च मारा. फोरसाइट का नाही, हे विचारा आणि उत्तर ऐकून न थांबता नळीच्या तोंडावरून स्वच्छ पांढरे कापड फिरवा. दुर्बीण कधीही रायफलीसोबत घेऊ नका. पैसे देण्याआधी रेंजवर पन्नास गोळ्या झाडू देत नसेल, तर त्या रायफलीत काहीतरी आहे. पावती पूर्ण रकमेची घ्या, आणि त्यावर ‘नळी मूळ लांबीची, बोल्ट मूळ’ एवढे शब्द लिहून सही घ्या. ‘जशी आहे तशी’ असे छापलेले असेल तर ते खोडून घ्या.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, म्हणून तक्रार तिथे करतो आहे. 90,000 ची पावती पुढे करून तो बाकीची रक्कम नाकारणार, हे दिसतेच आहे. माझ्याकडे ‘एक पासष्ट फायनल, दुर्बीण वेगळी’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे आणि त्याच दिवशी बँकेतून रोख काढल्याची नोंद आहे. ज्यांचा व्यवहार असाच अर्धा पावतीवर, अर्धा रोखीत झाला असेल, त्यांनी असे संदेश पुसू नयेत.